लेबलं काढलेल्या बाटल्या

विकास नगर, लखनौ
१६ नोव्हेंबर १९९७

प्रिय ताई,

आधी कबुली देतो, मग काय ओरडायचं ते ओरड. बेल्जियमहून येताना तुमच्यासाठी चॉकलेटं आणली हे खरं, पण त्याच बॅगेत स्वेटरांत गुंडाळून बिअरच्या चार बाटल्याही आणल्या. रेल्वेने दीड महिना ट्रेनिंगला पाठवलं होतं ना, तेव्हा तिथल्या एका साहेबाकडे दर रविवारी जेवायला जायचो. त्याने हा नाद लावला. पिण्याचा नव्हे गं, ओळखण्याचा! तिथली माणसं बिअर आधी हुंगतात, मग घोट घेतात आणि मग तासभर वाद घालतात. एकीत संत्र्याची साल आणि धणे. दुसरीत काही न घालताच, नुसत्या यीस्टमुळे, लवंग आणि केळ्याचा वास. तिसरी काळपट, मनुका आणि जळक्या गुळाची. चौथी इतकी आंबट की कोकमाचं सार परवडलं. मी डोळे मिटून चारही सांगायचो. साहेब म्हणायचा, तू इंजिनिअर कशाला झालास. तुला माहीतच आहे, कोणी कौतुक केलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर.

इकडे आल्यावर कांचनने काय करावं? कामवाली काय म्हणेल, शेजारचे शुक्लाजी काय म्हणतील, भंगारवाला गल्लीभर सांगेल, या धास्तीने तिने चारही बाटल्या बादलीत भिजत घातल्या आणि लेबलं खरवडून काढली. बुचांवरची चित्रंसुद्धा तारेच्या घासणीने घासली. चारही बाटल्या सारख्याच तपकिरी, कुठली कोणती ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही. मी कपाळाला हात लावला.

गेल्या रविवारी दुपारी निरंजनला बोलावलं. तो बख्शी का तालाबला हवाई दलात आहे, आपल्या साताऱ्याचाच. व्हरांड्यात उन्हाला बसलो, तर कांचनने स्टीलचे पेले आणले. काचेचे ग्लास शुक्लाजींना दिसले असते ना! मैत्रेयी आतून ओरडली, "बाबा, पूरे मोहल्ले को पता है!" चौदा वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. आता लेबल नाही, पेल्यात रंगही दिसत नाही. मी ऐटीत म्हटलं, बरंच झालं, आता खरी परीक्षा.

पहिला पेला नाकाशी धरला. काही नाही. वाटलं, फार गार आहे. तळव्यांत धरून बसलो, पुन्हा हुंगलं. ताई, पाण्याला असतो तेवढाही वास नाही. दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून ठोकून दिलं, लवंग आणि केळं. कांचनने एक घोट घेतला नि म्हणाली, "अहो, लवंग कुठली? धणे आहेत की हे, आणि संत्र्याची साल." आयुष्यात पहिल्यांदा चाखत होती ती! दुसरी गोडसर लागली, म्हणून मनुका म्हटलं. निरंजन म्हणाला, "यार चारू, हे तर सरळ शिकरण आहे." तिसरी कडू-गोड, एवढंच कळलं. चौथी तेवढी जिभेला लागताच ओळखली, आंबट होती म्हणून. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मीही हसलो.

निरंजन गेल्यावर स्वयंपाकघरात शिरलो आणि हिंगाची डबी उघडली. काही नाही. कापूर, फिनाईल, स्टोव्हचं रॉकेल, काही नाही. सर्दी नाही, पडसं नाही. ओट्याला टेकून उभा राहिलो आणि अण्णा आठवले.

तुला आठवतं ना, अण्णा हिंगावरून किती भांडायचे? आमटीला वासच नाही म्हणायचे. तीन दुकानं बदलली, वाण्याला भेसळखोर म्हणाले. आपण पोट धरून हसायचो, म्हातारपणाचे चोचले म्हणून. आणि दीड वर्षाने तुला दारात बघून त्यांनी विचारलं, बाई, तुम्ही कोणाकडच्या? पुढची सहा वर्षं तू त्यांना भरवलंस, आंघोळी घातल्यास. मी इकडून पैसे पाठवून मोकळा. एकदा रजेवर आलो होतो तेव्हा तू मागच्या दारी बसून रडत होतीस. मी पाहिलं आणि चप्पल घालून बाहेर निघून गेलो. ते आज लिहितोय.

इथल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बॅटरी घालून नाक तपासलं, फोटो काढला, म्हणाले, "नाक तो बिल्कुल ठीक है।" बिघाड निघाला असता तर पेढे वाटले असते मी. मग विचारलं, घरात आधी कोणाला असं झालं होतं का? मी नाही म्हटलं, चक्क खोटं बोललो. कांचनला काहीच सांगितलेलं नाही. ऑफिसात रोज नावं पाठ करतो, शिपायाचं, साहेबाचं, त्याच्या मुलांची. परवा निरंजनच्या बायकोचं नाव दहा मिनिटं आठवेना. ताई, मला भीती वाटते. मरणाची नाही. मैत्रेयीला एक दिवस विचारीन, बाळ, तू कोणाची, त्याची.

पण पत्र लिहायला बसलो ते माझं रडगाणं गायला नव्हे. अण्णांचं रक्त तुझ्यातही आहे, आणि तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. काल चौकात जाऊन सगळ्यांत उग्र अत्तर मागितलं. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, काग़ज़ गल जाएगा, ख़ुशबू नहीं जाएगी।" त्याचा फाया या कागदांवर आणि पाकिटावर चोळलाय. मला त्यातलं काही कळत नाही, पण कांचन दारातूनच म्हणाली, एवढं घमघमतंय, पत्र नक्की वन्संनाच ना? म्हणजे पाकीट हातात पडल्यापासून तुला वास यायला हवा. कशाचं अत्तर ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तू कळव. कार्डावर एक शब्द पुरे. फक्त ताई, दाजींना विचारून लिहू नकोस.

तुझाच,
चारू