रघूने आतून कडी लावली

नौपाडा, ठाणे
रविवार, ता. २१ ऑक्टोबर १९५६

आज सुट्टी. सकाळी कल्याणला गेलो, तिथून टांग्याने विठ्ठलवाडीला. दुपारी परत आलो. जेवलो नाही. ऊन बरंच आहे.

ती. सौ. सगुणाताईस आनंदाचा नमस्कार. दाजींना माझा नमस्कार सांग. त्यांचा दमा आता कसा आहे? तुझा गुडघा दुखायचा थांबला का? अलिबागला अजून दमट असेल, तरी तेल लावून शेकत जा. मी खुशाल आहे. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.)

आई गेल्यापासून मी तुला दोन ओळींच्या वर काही लिहिलेलं नाही. आज सगळं लिहितो, कारण तोंडाने सांगणं मला जमणार नाही. दहाव्याला तू घरी होतीस, त्यामुळे खाडीवर काय झालं ते तुला पंढरीकाकांनी सांगितलं तेवढंच माहीत. काकांच्या सांगण्यात मी फार थोर झालो आहे. खरी हकिकत अशी, की आईच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. समोरच्या झाडावर पाच-सहा बसलेले, पण खाली एक येईना. मग काकांनी हात जोडून कबूल केलं की वहिनीच्या नावाने देवळात घंटा बांधीन. कावळे हलले नाहीत. मग चुलतभावाने तुळशीवृंदावन नवं बांधायचं कबूल केलं. तेही कावळ्यांना पसंत पडलं नाही. भटजी म्हणाले, आनंदराव, तुम्ही बोला, जीव कशात अडकलाय ते तुम्हालाच ठाऊक. वैशाखाचं ऊन, पायांत काही नाही, खालची फरशी तापलेली. मी म्हणालो, रघूला कुठे पाठवणार नाही, माझ्याजवळच ठेवीन. लगेच कावळा आला. काका रडले, भटजींनी डोळे पुसले. ताई, ते मी मायेने बोललो असतो तर आज हे पत्र लिहिलं नसतं. माझे पाय भाजत होते.

पुढे घरी आम्ही दोघे भाऊच. मी पोस्टात गेलो की रघू खोलीत आणि दाराला बाहेरून कडी. शेजारच्या रंगूबाई मधूनमधून भिंतीला कान लावायच्या आणि संध्याकाळी मला सांगायच्या, आज दोनदा पडला, आज नुसता गात होता. सगळी चाळ आम्हाला राम-लक्ष्मण म्हणायची. (लक्ष्मणाला कोंडून ठेवणारा राम मी तरी ऐकलेला नाही.) एकदा रंगूबाई भावाकडे मोहन्याला गेल्या. मग काय करणार, रघूला पाठुंगळी मारून पोस्टात नेलं आणि तिकिटांच्या खिडकीखाली, माझ्या पायाशी बसवलं. तो शहाण्यासारखा बसला. डिंकाची अर्धी बाटली त्याने संपवली, पण ते मला नंतर कळलं. दुपारी एक बाई तिकिटं घ्यायला आल्या आणि त्याच वेळी रघूने सूर लावला. बाईंनी विचारलं, खाली कोण आहे हो? मी म्हणालो, कोणी नाही. बाई खिडकीतून आत वाकल्या, खाली पाहिलं, आणि म्हणाल्या, "हा कोणी नाही गातो मात्र छान."

त्या आवडाबाई, कल्याणच्या. त्यांची रतन वीस वर्षांची आहे, बसता येत नाही, दिसत नाही, गिळताना ठसका लागतो. त्यांनी मला प्रश्न विचारले तशी मी मनीऑर्डरच्या तपशिलासारखी उत्तरं दिली. वय तीस, पाय अधू, बोलणं नाही, झटके येतात. त्या म्हणाल्या, आणि आवडतं काय? मी रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

या बाईंनी घरोघरच्या आतल्या खोल्यांतली अशी माणसं शोधून पाच कुटुंबं गोळा केली होती. विठ्ठलवाडीला लढाईच्या वेळची एक बराक भाड्याने घेतलेली. दवाखाना नाही, आश्रम नाही, सगळ्यांनी मिळून राहायचं घर. आमचं सहावं कुटुंब झालं. पहिल्या सभेत नुसता नावावर वाद. एका गृहस्थांनी अनाथ सदन सुचवलं. आवडाबाई म्हणाल्या, "आम्ही मेलेल्या दिसतो का तुम्हाला?" त्यामुळे पाटीच लावली नाही. रात्रंदिवस राहायला सखुबाई म्हणून एक बाई आणि त्यांचे यजमान आहेत, बाकीची कामं कुटुंबांनी पाळीने करायची. पण नियम असा, की पाळीच्या दिवशी आपल्या माणसाला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्या माणसाचं करायचं. आवडाबाईंचं म्हणणं, आपल्या माणसाला आपण एक तर लाडावतो नाही तर उरकतो.

माझ्या वाट्याला पोपट आला. हातपाय आखडलेले, मान ठरत नाही, पण तोंड शाबूत. पहिल्या दिवशी रघूलाही बरोबर नेलं होतं; मी पोपटाला आमटीभात भरवत होतो, घरी रघूला भरवतो तसाच. चौथ्या घासाला त्याने तोंड मिटलं आणि म्हणाला, "पोस्टमास्तर, घास भरवताय की पेटीत पत्रं टाकताय?" (मी पोस्टमास्तर नाही, साधा कारकून आहे. त्याला दोनदा सांगून पाहिलं.) सगळे हसले. आणि ताई, पलीकडे रघू हसला. आई गेल्यापासून प्रथमच. मला राग आला. कशाचा ते घरी येईपर्यंत कळलं नाही. इतकी वर्षं, आई असताना आणि आईनंतरही, मी त्याच्या तोंडात पत्रं टाकत होतो, आणि त्याला तसं म्हणता येत नव्हतं.

पितृपंधरवड्यानंतर रघूला तिथे थोडे दिवस ठेवून पाहिलं. काकांना आणि चाळीला वेगळं सांगितलं. पण खाडीवरचं बोलणं मनातून जाईना. पोस्टाच्या खिडकीवर कावळा बसला तरी मी मान खाली घालून शिक्के मारायचो. शेवटी ठरवलं, दिवाळीला घरी आणायचा आणि परत पाठवायचा नाही. म्हणून आज गेलो. रघू अंगणात रतनच्या खाटेशी बसून तिच्या तोंडावरच्या माश्या वारत होता. त्याने मला पाहिलं, माझ्या हातातली त्याची पिशवी पाहिली, आणि बसल्या बसल्या सरकत खोलीत गेला. आतून कडीचा आवाज आला. मी हाका मारल्या, बत्तासे आणलेत म्हणून सांगितलं, दटावलंही. दार बंद. पोपट खाटेवरून ओरडला, "पोस्टमास्तर, टपाल परत आलं!"

आवडाबाईंनी विचारलं, त्याला कडी लावता येते हे तुम्हाला ठाऊक होतं का? मी नाही म्हणालो. आपल्याकडे रघूच्या खोलीला आतून कडीच नाही, ताई. तुझ्याही कधी लक्षात आलं नसेल.

मी बत्तासे पोपटाच्या उशाशी ठेवले आणि परत आलो. रघू तिथेच राहील. माझं ठरलं आहे. कावळ्याचं काय करायचं ते मला सुचत नाही.

दाजींना व मुलांना आशीर्वाद-नमस्कार ज्याचे त्याला.

तुझा,
आनंदा

ता. क. पंढरीकाका दिवाळीत तुझ्याकडे येणार आहेत. रघू अलिबागला तुझ्याकडे हवापालटासाठी गेला आहे असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी विचारलं तर तो समुद्रावर फिरायला गेलाय म्हण. (त्याला चालता येत नाही हे काकांच्या ध्यानात राहत नाही.)

आणखी एक. वरचं म्हणू नकोस. काकांना मीच लिहितो, आणि पाकीट नाही, उघडं कार्ड लिहितो. उघडी कार्डं आमच्या पोस्टात सगळे वाचतात, चाळीला रंगूबाई सांगतील.

आणि ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते राहिलंच. आईला वर्ष झालेलं नाही, सण नाही, मला ओवाळू नकोस. पण भाऊबीजेला विठ्ठलवाडीला जा. मी टांग्याशी थांबेन, आत येणार नाही. तुझा आवाज ऐकला की तो दार उघडील. त्याला सांग, आनंदा न्यायला येत नाही, नुसता भेटायला येईल, चालेल का? तो मान हलवतो तेव्हा हो कुठली आणि नाही कुठली, हे नीट पाहून मला सांग. मला अजून ओळखता येत नाही.

ऊन उतरलं. दोरीवरचा सदरा काढून घडी घालतो, उद्या कचेरी आहे.