गाळप संपू दे

घाटनांदूर

छबू,

हे पत्र तुला मिळायचं न्हाई. मला खाटंवरून उठता येत न्हाई, अन् टपालात टाकायला ते माझ्या अर्जुनच्याच हातात द्यावं लागंल.

आप्पांनी मृत्युपत्रातून तुला का वगळलं, ते तुला ठाऊक हाय. तू आपल्या मनानं लगीन केलंस, तवा रागाच्या भरात त्यांनी सारं रान माझ्या नावानं लिहिलं. पुढं ते अंथरुणाला खिळले, तवा तूच येऊन दोन वर्सं त्यांचं हगणं-मुतणं काढलंस. तू पाणी आणायला गेलीस की मला म्हणायचे, "तात्या, अंबाजोगाईला ने. कागद बदलायचाय. विहिरीचं रान छबूचं."

मी म्हणायचो, "गाळप संपू दे आप्पा, मग जाऊ. बैलगाडी कारखान्यावर अडकलीया."

गाडी दारातच उभी असायची. शिमग्याला ते गेले. हे तुला आजवर सांगितलं न्हाई.

माझंबी मृत्युपत्र पंधरा वर्सांमागचं हाय, सारं अर्जुनच्या नावाचं. काल त्याला म्हणलो, "मला अंबाजोगाईला ने. विहिरीचं रान तुझ्या आत्याला लिहून द्यायचंय."

त्यानं माझं पांघरूण नीट केलं. लई मायेनं म्हणला, "गाळप संपू दे तात्या, मग जाऊ."

छबू, दोन वर्सं पाऊस न्हाई. शिवारात उसाचं कांडं न्हाई. यंदा कारखान्याचा बॉयलर पेटलाच न्हाई.

तुझा अपराधी दादा,
तात्याबा