गाठ घ्यावी, नौका राहू द्यावी

स्वस्ति श्री. मुलुंड-मंडलाधीश्वरी, समस्त-त्वचा-साम्राज्य-सम्राज्ञी, मुरूम-मर्दिनी, नायटा-निर्दालिनी, गजकर्ण-गर्वहारिणी, केशगलन-संत्रस्त-जन-शरण्या, बहुविध-मलम-प्रदायिनी, तसेच स्वपित्याचा फोन मध्येच तोडण्याच्या कलेत त्रिखंडविख्यात अशा वैद्यराज्ञी नमितादेवी यांच्या सेवेशी वेसावे-निवासी संस्कृताध्यापक चंद्रप्रकाश याचे, वाम बाहू खाजवीत, अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रिय नमू,

रविवारी तू म्हणालीस, “बाबा, ते गोंदण लेझरने काढून टाक, नाहीतर मी घरी पाऊल ठेवणार नाही,” आणि माझे उत्तर यायच्या आत फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. पत्राची सोय अशी, की ते मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येते. ते फाडण्यापूर्वी तू एकदा पूर्ण वाचावेस, एवढीच विनंती. उत्तर मात्र आधीच देऊन टाकतो, म्हणजे तुझा रक्तदाब विनाकारण चढायला नको. मी ते काढणार नाही.

तुझी आई शेजारी बसून कोलंबी सोलते आहे आणि मी काय लिहितो यावर तिचे लक्ष आहे. तिचे मत तुला ठाऊकच आहे. मी गोंदवून आलो त्या संध्याकाळी हात बघून ती म्हणाली होती, “येरा झायलास कं रं मास्तर? पन्नाशी उलटली, आता हातावर चित्रं काढतोस?” वेसाव्यात वेड्याला येरा म्हणतात आणि नवऱ्याला मास्तर, त्यामुळे संबोधनात दोन्ही उपाध्या आल्या. मी तिला म्हटले, तुझ्या दोन्ही हातांवर गोंदण आहे, तुझ्या आईच्या कपाळावर होते, तेव्हा कोणी हरकत घेतली? ती म्हणाली, “आम्ही बायका हाव. आनी आमच्या गोंदणाला बिल नसतं.”

पण ती नौका हातावर का आली, हे मी तुला कधी नीट सांगितले नाही. कोळ्याच्या पोटी जन्म घेऊन मला बोट लागते, हे आपल्या घराण्याचे उघड गुपित. एकदाच गेलो होतो, वडिलांबरोबर. परत येईपर्यंत माझ्या पोटात काही उरले नव्हते आणि खलाश्यांच्या पोटात हसू मावत नव्हते. वडिलांनी काठावर उतरवले आणि म्हणाले, “तू शीक. मासळी आम्ही बघतो.” नवी बोट बांधली तेव्हा मात्र नाव ठेवायला मलाच बोलावले. मी मोठ्या गांभीर्याने नक्षत्रे चाळली आणि रेवती सुचवले. त्या नौकेला माझे योगदान म्हणजे ती तीन अक्षरे. तिने मात्र माझी पदवी, तुझे बालपण आणि तुझे वैद्यकशास्त्र अशा तिन्ही गोष्टी आपल्या जाळ्यातून ओढून आणल्या. नंदूकाकाने गेल्या उन्हाळ्यात ती विकायची ठरवली. डिझेल परवडत नाही, खलाशी मिळत नाहीत आणि जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त येते. त्याचे चुकले, असे मी म्हणणार नाही. नवा मालक तिचे नाव पुसणार होता. म्हणून नारळी पौर्णिमेच्या आधी मी जुहूला त्या कीथच्या दुकानात गेलो आणि ते नाव अशा ठिकाणी लिहवून घेतले, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोहोचत नाही.

कीथवर तू तक्रार करणार होतीस. ती करू नकोस. त्याने माझ्यासमोर सुईचे पाकीट फोडले, शाई नव्या टोपणात ओतली, हातमोजे बदलले, आणि लाल रंगाचा काहींना त्रास होतो हेही आधी सांगितले. नौकेवरचे निशाण लालच पाहिजे हा हट्ट माझा. जाताना तो म्हणाला, “सर, दोन आठवडे हात पाण्यात नको. समुद्र तर अजिबात नको.” मी मान डोलावली. पण नमू, कोळीवाड्यात समुद्राला कोणी पाणी म्हणत नाही. गळ लागला, शिंगाळा माशाचा काटा घुसला, की हात खाडीत बुडवायचा आणि कामाला लागायचे, हे मी लहानपणापासून बघत आलो. खाऱ्या पाण्याने जखम भरते हे आम्हांला वेदाइतके प्रमाण. म्हणून पौर्णिमेला रेवतीची शेवटची पूजा झाली, तेव्हा मी छातीभर पाण्यात उतरलो, तिची कड धरली, आणि डावा हात मुद्दाम पाण्याखाली ठेवला. तिचेच पाणी तिच्या चित्राला लागावे म्हणून. नंदू वरून ओरडत होता, “दादा, सोड आता. जाऊ दे तिला.” मी जरा उशिराच सोडली. माझ्या वडिलांच्या खाडीत अंधेरीची गटारे उतरत नव्हती, हा तपशील त्या क्षणी माझ्या तर्कशास्त्रातून निसटला.

पुढचे सर्व तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. हातावर गाठींची माळ वर चढत गेली, आणि पाण्यात व मासळीच्या अंगावर राहणारा तो मंद, चिवट जंतू तूच ओळखलास. मी महिनोन्‌महिने तुझ्या गोळ्या गिळल्या, मूत्र केशरी झाले, आणि मी एकही गोळी चुकवली नाही याला तुझी आई साक्षी आहे. माळ विरली. निशाण अजून उन्हात वाऱ्याशिवाय फुगते. काखेतली गाठ तेवढी उतरत नाही. शल्यचिकित्सक म्हणाले, की त्वचेतली शाई वाहत जाऊन तिथे साठते, तिने गाठ सुजू शकते. किंवा तो जंतूच तिथे दडून बसला असेल. किंवा तिसरी एक शक्यता आहे. ती तुम्ही दोघे माझ्यासमोर इंग्रजीतच बोलता. मला इंग्रजी येते, हे मी सौजन्य म्हणून लपवले.

तेव्हा मला धोका समजत नाही, असे मात्र म्हणू नकोस. मी सर्व वाचले आहे. वर्षानुवर्षे शरीरात राहिलेल्या शाईचा आणि त्या तिसऱ्या शक्यतेचा संबंध आहे की नाही, यावर संशोधकांचेच अद्याप एकमत नाही. मुख्याध्यापिका हिल्डाबाईंनी हात झाकून यायला सांगितले, “मुलं अनुकरण करतील, सर.” मी नववीच्या वर्गात बाही वर केली, फुगलेले निशाण दाखवले, आणि वापरलेली सुई, उघडी शाई, कावीळ आणि खाडी यांवर असे निरूपण केले, की दोन मुलांना भोवळ आली. अनुकरणाचा प्रश्न मिटला. पण झाकून मी जाणार नाही. लेझरचे म्हणशील, तर तुझ्याच पुस्तकात लिहिले आहे, की लेझर शाई नाहीशी करत नाही, तिचा चुरा करते, आणि त्यातला काही भाग पुन्हा त्याच गाठींकडे जातो. घरातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटण्यालाच तुमच्या शास्त्रात उपचार म्हणतात काय?

आता मुद्दा. सोमवारी तुझ्याच रुग्णालयात ते गाठ काढणार आहेत. मी बेशुद्ध असेन, आणि माझ्या वतीने बोलायला जवळची म्हणून तू असशील. तुझी शल्यचिकित्सकांशी मैत्री आहे आणि हट्ट तुला माझ्याकडूनच मिळाला आहे, म्हणून लेखी कळवतो. गाठ घ्यावी, लागल्यास शेजारच्या दोन घ्याव्या. नौकेला हात लावू नये. अहवाल आला की तो तू आधी वाचशील, याला माझा इलाज नाही. पण मग दुसऱ्या कोणाला सांगण्याआधी मला सांग, आणि मराठीत सांग. तो वाईट निघाला, तर तुम्ही जे औषध द्याल ते मी तोंड वाकडे करून का होईना घेईन. पण त्या दिवशी छातीभर पाण्यात उभा होतो याचा पश्चात्ताप माझ्याकडून कोणीही वसूल करू शकणार नाही. घरी पाऊल ठेवणार नाहीस म्हणालीस, नको ठेवूस. रुग्णालयात मात्र सकाळी मला आत नेण्यापूर्वी ये. मला भीती वाटते आहे, आणि ते हिच्यासमोर म्हणायची सोय नाही.

तुझाच,
बाबा

ता. क. रुग्णालयातून सांगितले आहे, की पुढे बटणे असलेला अर्ध्या बाह्यांचा सदरा आणा. माझे सगळे सदरे पूर्ण बाह्यांचे, म्हणून दोन सदरे गल्लीतल्या शिंप्याकडे कापायला दिले. त्याने दोन्हींच्या फक्त उजव्या बाह्या कापल्या. म्हणाला, “मास्तर, नक्षीवाला हात तुम्हांला झाकायचा असेल, असं वाटलं.” डाव्या बाह्यांसाठी आता मंगळवारी या म्हणतो, आणि मंगळवारी त्याचे दुकान बंद असते.