म्हशीचा दृष्टांत

माय,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. गेल्या महिन्यात तुझ्या नातीवर जो प्रसंग आला, त्याला तिचा हट्ट कारणीभूत नव्हता. हट्टच कारणीभूत होता असे नात्यातले सगळे आता म्हणतात आणि सर्वांत ठामपणे ती स्वतः म्हणते. एखादे विधान सगळ्यांना मान्य आहे म्हणून ते खरे ठरत नाही, हे मी महाविद्यालयात तर्कशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगत असे. तू माझ्या या विषयाला 'भांडायचं शास्त्र' म्हणायचीस. शेजारणीने विचारले की सांगायचीस, 'पोरगं भांडाले शिकवते, अन् त्याचा पगार भेटते.' आज ते शास्त्र मी प्रथमच माझ्या घरातल्या माणसासाठी वापरतो आहे, आणि त्यासाठी तुझ्याइतका निष्पक्ष श्रोता मला जिवंत माणसांत सापडत नाही.

आधी वस्तुस्थिती. तुझी सून चार वर्षांपूर्वी गेली. साखरेने आधी तिचे डोळे नेले, मग मूत्रपिंडे. शेवटचे वर्षभर आठवड्यातून दोनदा रुग्णालयात तिच्या खाटेशेजारी बसायला अकोल्याहून अमरावतीला यायची ती माझी मुलगीच. तिला स्वतःला दिवस राहिले तेव्हा तपासणीत साखर वाढलेली निघाली. बाळंतपणानंतर ती उतरली, डॉक्टरीणबाईंनी सगळे खा म्हणून सांगितले, आणि रीतीप्रमाणे ती माहेरी आली. माहेरी आता मी एकटा होतो. एकाहत्तराव्या वर्षी मी कुकरच्या शिट्या मोजायला आणि झबली वाळत घालायला शिकलो. बाळाला अंघोळ घालायला आणि मुलीला मालीश करायला एक बाई येत असे. बाकी घरात आम्ही तिघेच.

बाळ महिन्याचे झाले असेल तेव्हा एका दुपारी मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, एक युक्तिवाद तपासून द्या."

"मांड," मी म्हणालो.

"आईला साखर होती. मला गरोदरपणात झाली. म्हणजे मला पुढे होण्याचा धोका आहे. साखर वाढते ती मुख्यतः धान्यानं. मग भाकर, पोळी, भात, वरण, फळं सगळं बंद केलं आणि अंडी, पनीर, भाज्या, शेंगदाणे यांवर राहिले, तर काय चुकलं?"

"डॉक्टरीणबाई सगळे खा म्हणाल्या."

"कारण नाही सांगितलं त्यांनी."

"कारण सांगितले नाही, म्हणजे कारण नाही असे होत नाही."

"मग तुम्ही सांगा ना कारण."

मी पुन्हा एकदा एकेक पायरी तपासली. तिचा आवाज शांत होता, पण हात टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याभोवती घट्ट आवळलेले होते. ते मी पाहिले, आणि युक्तिवादाचा भाग नाही म्हणून सोडून दिले. म्हणालो, "मला दोष दिसत नाही." ती हसली. "बाबांच्या हातून पास झाले मी. आता कोणी काही म्हणू दे." त्याच दिवशी तिच्या सासरहून आलेले डिंकाचे लाडू मी शेजारी देऊन टाकले, ज्वारीच्या पिठाचा डबा रिकामा केला, आणि तिला मोह नको म्हणून स्वतःही भाकर सोडली. मला त्या निर्णयाचा अभिमान वाटत होता, हे येथे नोंदवले पाहिजे.

मालीशवाल्या बाईला तो अभिमान वाटत नव्हता. ती तेलाची वाटी कोमट करायला स्वयंपाकघरात येई आणि डब्यांची झाकणे उघडून पाही. "काकाजी, भाकर नाई, भात नाई, वरण बी नाई. मंग ताई खाते काय, पेपर?"

"डाएट आहे, मावशी," मुलगी आतून म्हणाली.

"लेकरू फुगून राहिलं अन् माय वाळून राहिली, असं कायचं डाएट वो? घरात एक म्हातारी बाई पायजे होती."

"घरात म्हातारा आहे," मी म्हणालो.

"म्हाताऱ्याले काय समजते त्यातलं?" ती म्हणाली आणि वाटी घेऊन निघून गेली. तिच्या या प्रश्नाचे उत्तर मी पत्राच्या शेवटी देणार आहे.

आता मागे, आमच्या अकोल्याच्या दिवसांकडे वळणे भाग आहे. तुला ते दोन खोल्यांचे भाड्याचे घर आठवत असेल. तुझ्या सुनेला आई नव्हती, म्हणून तिच्या बाळंतपणाला तू तिवस्याकडच्या आपल्या गावाहून दोन गाड्या बदलून आली होतीस. आज मी जिच्याविषयी लिहितो आहे ती मुलगी तेव्हा दोन महिन्यांची आहे. नवरात्र चालू आहे, आणि बायकोने लेकरासाठी बोललेले नऊ दिवसांचे उपास धरले आहेत. गॅसवर तुझ्या ज्वारीच्या कण्या रटरटत आहेत, मी दारालगतच्या टेबलावर व्याख्यानाची टिपणे काढतो आहे. तू कण्या ढवळता ढवळता मागे वळतेस, ओलाच हात पदराला पुसतेस, बायकोची हनुवटी धरतेस आणि म्हणतेस, "हा कर."

ती गोंधळून तोंड उघडते. तू तिच्या तोंडाजवळ नाक नेतेस. "पिकल्या केळावानी वास येऊन राहिला. उपाशी हाय हे पोरगी."

"नाही, आई. सकाळी साबुदाणा खाल्ला मी."

"साबुदाणा म्या भिजवलाच नाई, तं तू खाल्ला कुठून?"

बायकोची मान खाली जाते. आणि मी टिपणे बाजूला सारून उठतो. "ही काय पद्धत आहे, माय? माणसाच्या तोंडाचा वास घेऊन कोणी निष्कर्ष काढते का?"

तू मुळीच चिडली नव्हतीस, हे मला आज स्पष्ट आठवते. तू समजावून सांगत होतीस. "आपली ते चांदरी म्हैस जनली होती नं, तवा तिनं चारा सोडला होता. दूध मातर बादलीभर देऊन राहिली होती. तिच्या तोंडाले असाच गोड वास येत होता. आठ दिवसांत उभी राहाले मागत नव्हती ते. तुह्या बापानं गुळाचं पाणी पाजलं, तवा उठली. दूध काय नळाले येते काय रे? अंगातूनच जाते."

"माझी बायको म्हणजे म्हैस नाही," मी म्हणालो. "आणि एका जनावराचा दृष्टांत हा पुरावा होत नाही."

"तू शिकला, बापा. मी कुठं शिकली," एवढे म्हणालीस आणि गॅस बंद केलास. कण्यांवर गूळ कुस्करून ते ताट तू बायकोच्या मांडीवर ठेवलेस, आणि देवीला जे सांगायचे ते मी सांगेन म्हणालीस. तिने उपास सोडला, दोन दिवसांत तिच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि मी तो विश्रांतीचा परिणाम मानला. त्यानंतर तू माझ्या घरात कोणाची हनुवटी धरली नाहीस. पुढच्या आठवड्यात तिवस्याची गाडी धरून गावी गेलीस. बायको मला म्हणाली, "आईंना असं बोलायला नको होतं तुम्ही." मी उत्तर दिले की मी व्यक्तीवर नव्हे, युक्तिवादावर बोललो. हा भेद मला आयुष्यभर फार उपयोगी पडला.

आता गेल्या महिन्यातला तो आठवडा. बाळ अडीच महिन्यांचे होते आणि मुलीचा आहार दीड महिना चालू होता. सोमवारी तिचे पोट बिघडले, म्हणून ती जे थोडे खात होती तेही गेले. दूध मात्र ती पाजतच होती. मंगळवारी सकाळी मी तिच्या मांडीवरून बाळाला उचलले आणि क्षणभर तसाच थांबलो. त्या क्षणाविषयी नंतर लिहितो. बुधवारी तिचे डोके दुखू लागले, सारखी तहान लागू लागली. ती म्हणाली, पित्त झाले आहे. गुरुवारी सकाळपासून उलट्या. मालीशवाली बाई आली, तिने तेलाची वाटी उचललीसुद्धा नाही. पलंगापाशी उभी राहून म्हणाली, "काकाजी, ताईचा दम पाहा. धावून आल्यावानी श्वास चालू हाय, अन् बसून हाय ते. आटो बोलवा."

ऑटोत बाळ त्या बाईच्या मांडीवर होते आणि मुलीचे डोके माझ्या खांद्यावर. ती श्वासांच्या मधल्या फटीत विचारत होती, "बाबा, बाळाला कोण पाजणार?" दुसरे काही विचारत नव्हती.

रुग्णालयात तरुण डॉक्टर होते. रक्त तपासून म्हणाले, "साखर नॉर्मल आहे." मला हायसे वाटले. मग ते म्हणाले, "पण रक्तात आम्ल फार वाढलंय. धान्य बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं. एरवी ते निभतं. पण यांच्या दुधातून रोज साखर बाहेर जातेय, आणि आत काही येत नाही. क्वचित होतं असं, पण अंगावर पाजणाऱ्या बायकांत होतं. आणखी एक दिवस गेला असता तर..." मग त्यांनी ग्लुकोजची बाटली लावली. थेंब पडताना मी पाहत होतो. चांदरीला वडिलांनी जे पाजले होते तेच ते, फक्त स्वच्छ.

डॉक्टरांनी टिपून घेत विचारले, "तोंडाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास येत होता का? कधीपासून?"

"नाही," मी म्हणालो. "तसे काही जाणवले नाही."

दोन दिवसांत ती उठून बसली. दूधही टिकले. पण जी मुलगी मला टेबलाशी बसवून कारण मागत होती, ती आता ताट घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, "बाबा, अर्धी भाकर खाल्ली. अजून अर्धी खाऊ का?" बाळाला पाजून झाले की त्याच्याकडे पाहत हळूच माफी मागते. परवा म्हणाली, "मी हट्टानं तुम्हालाही फसवलं. माझ्या डोक्यावर आता मी भरवसा ठेवणार नाही." रविवारी ती अकोल्याला परत जाईल आणि हे वाक्य सोबत नेईल. त्या वाक्याच्या आधाराने ती पुढे लेकरू वाढवणार, नोकरी करणार, माझ्यामागे जगणार. मला भीती वाटते ती याची.

म्हणून माझी मांडणी अशी. हट्ट तो, जो तपासणी नाकारतो. तिने तपासणी मागितली. तिच्या निर्णयामागे लहर नव्हती, आईच्या खाटेशेजारी काढलेले एक वर्ष होते. आणि ज्याने तपासले त्याने तिला उत्तीर्ण केले. त्या युक्तिवादात दोष होताच. तो साखरेला भ्यालेल्या बाईविषयी होता आणि ती बाई दूध देत होती हे त्यात कोठेच नव्हते. पण ही उणीव दाखवून देणारे वाक्य तिने कधी ऐकलेले नव्हते. मी ऐकले होते, अकोल्याच्या स्वयंपाकघरात, तुझ्या तोंडून.

येथे कोणी आक्षेप घेईल की लक्षणे दिसू लागल्यावर तरी तिने सावध व्हायला हवे होते. त्याचे उत्तर सोपे आहे. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला येत नाही. तो जवळच्या माणसाला येतो. डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे, हे अनुमान मी दर वर्षी फळ्यावर लिहिले. धूर दिसायला मात्र डोंगराच्या बाहेर कोणीतरी उभे असावे लागते.

मी येथपर्यंत लिहिले आणि ती बाळाला खांद्यावर घेऊन आत आली. "काय लिहिताय, बाबा?"

"तुझ्या आजीला पत्र."

ती हसली, या महिन्यात पहिल्यांदाच. "पत्ता काय टाकणार?" मग म्हणाली, "लिहा की मी आता भाकर खाते. आणि माझं चुकलं म्हणून लिहा."

तिने सांगितलेले पहिले वाक्य मी लिहिले आहे. दुसरे लिहीत नाही, कारण ते तिचे नाही. वरची सगळी मांडणी ज्या एका विधानावाचून अपुरी राहते ते विधान खाली देतो. हे पत्र कोठे जाणार नाही, म्हणूनच ते येथे लिहिता येते. रविवारच्या आत ते मला तोंडाने म्हणता येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही.

मंगळवारी सकाळी बाळाला उचलताना मला तिच्या तोंडाचा वास आला. पिकल्या केळाचा. घरात केळे नव्हते. मला तुझी म्हैस आठवली, तो वास कशाचा हे कळले, आणि मी बोललो नाही. बोललो असतो, तर अकोल्याचा तो वाद तू जिंकली असतीस.

तुझा मुलगा