नावाचं पान

१ सप्टेंबर, सोमवार
आज ३८६ पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. टेम्पोत मागं बसून स्वतः नेली. चाळीस वर्षं बाइंडिंग केलं, शहागंजात शफीकच्या रद्दीतून एकेक पुस्तक उचललं, लाल कापडात बांधलं. पाठीवर फक्त ‘बन्सी संग्रह’ आणि नंबर. चौथी शिकलेला माणूस आता कॉलेजात कपाट धरून बसणार.
ग्रंथपाल झेबा मॅडम. लेकीच्या वयाच्या, पण मॅडमच म्हणायचं. म्हणाल्या, काका, आधी तपासावं लागेल. तपासा म्हटलं.
संकल्प: कपाटावर नावाची पाटी लावा, असं आपण होऊन बोलायचं नाही. महिनाभर तिकडं फिरकायचंसुद्धा नाही.

४ सप्टेंबर
गेलो होतो. गारखेड्यातून बस आयतीच मिळाली, म्हणून. पुस्तकं कपाटात नाहीत, जिन्याखाली आहेत. ऊन लागू नये म्हणून असणार. पाटीचा विषय काढला नाही. पितळी बरी दिसते की लाकडी, एवढंच विचारलं.

१२ सप्टेंबर, दुपार
मॅडमनी बोलावलं. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. एक पुस्तक उघडून विचारलं, हे कुणी लिहिलंय? मधमाश्यांचं आहे म्हटलं. ते कळलं म्हणाल्या, पण लेखक कोण, छापलं कधी, पहिलं नावाचं पान कुठंय?
नीट समजावून सांगितलं. रद्दीतल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाकुणाची नावं, शिक्के, सप्रेम भेटी. गेलेल्या माणसांचा पसारा. तो कापून काढायचा आणि तिथं आपला गुलाबी कागद लावायचा: ‘बन्सी बाइंडर यांजकडून सप्रेम.’ सगळ्या ३८६ मध्ये हेच. स्वच्छ काम.
मॅडमनी गुलाबी कागद उलटून पाहिला. मग विचारलं, दाखल करताना नोंदवहीत काय लिहू? म्हटलं, लाल, मजबूत, असं लिहा.
हसल्या नाहीत. कामाचा ताण असेल.

१३ सप्टेंबर
बायको लीला म्हणते, दुसऱ्याचं नाव कापून आपलं लावलं, आता भोगा. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून सोडून दिलं.

२९ सप्टेंबर
मॅडमचा फोन. कापलेली पानं घरी आहेत का? म्हटलं, कागद वाया घालवणाऱ्यातला मी नाही. सगळ्या पानांचा एकच ढीग केला, हाताला येतील तशी एकावर एक खळीनं चिकटवली आणि त्याचेच पुठ्ठे केले. खळीत मोरचूद, वाळवी तोंड लावत नाही. पानं पुस्तकांतच आहेत, मॅडम.
मॅडम नुसतं ‘बरं’ म्हणाल्या. तोंडावर कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नाही.
मग म्हणाल्या, पंधरा तारखेला वाचन प्रेरणा दिनाचं प्रदर्शन आहे. तुमचं एक पुस्तक काचेच्या पेटीत ठेवू का? मुलांना शिकवायला.
ही काय विचारायची गोष्ट झाली.

१० ऑक्टोबर
भाषण लिहिलं. चार पानं. कमी करणार नाही. लीलाला नवी साडी नेसायला सांगितलं. शफीकलाही बोलावलंय. म्हणाला, मेरी रद्दी का सत्कार है, देखना तो पडता.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
हॉल गच्च. मधोमध काचेची पेटी, पेटीत माझं पुस्तक उघडं. गुलाबी कागदावर माझं नाव ठळक. लीलानं पेटीला हात जोडले. बाजूला पोरांनी रंगवलेलं कार्ड होतं.
‘असं करू नका. नावाचं पान काढलेलं पुस्तक अनाथ होतं.’
दोनदा वाचलं. लीलानं विचारलं, काय लिहिलंय? मी चष्मा पुसायला घेतला.
शफीक पुढं झाला. “भाभी, लई चांगलं लिवलंय. बन्सीचं काम एकदम पक्कं म्हणतेत.” आणि माझा दंड धरून बाहेर कँटीनला नेलं.
मागून मॅडम आल्या. म्हणाल्या, “काका, ते कार्ड मी आधी बघायला पाहिजे होतं.” चेहरा उतरला होता. पण खरं तेही सांगून टाकलं. नावाशिवाय पुस्तक दाखल होत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ही पुस्तकं रद्दीत जातील. कॉलेजची रद्दी शफीकच उचलतो. तो बशीत बघत बसला.
चहात साखर होती का, आठवत नाही. भाषण खिशातच.

१६ ऑक्टोबर
संकल्प: सगळे पुठ्ठे सोडवायचे, पानं काढायची, ज्याची त्याला लावायची. रोज वीस सहज होतील. मॅडमना म्हटलं, थोडं थांबा. थांबते म्हणाल्या.

१८ ऑक्टोबर
मधमाश्यांचं पुस्तक घरी आणलंय. गुलाबी कागद आधी काढला. मग शिलाई. माझीच शिलाई उसवण्यात सकाळ गेली, लई पक्की. पुठ्ठा परातीत भिजत घातला. लीला शेजारी बसून कोमट पाणी ओतत होती. राहवलं नाही, कार्डावर काय होतं ते तिला सांगितलं. म्हणाली, “मला तिथंच कळलं व्हतं. शफीकभाई तुमच्याबद्दल इतकं गोड कधी बोलत नाय.”
दिवे लागायच्या वेळी पहिलं पान सुटलं. अख्खं निघालं, अक्षर न् अक्षर शाबूत.
वकिलीच्या पुस्तकाचं.