कुरणाच्या वाटेवरचं कुलूप

रॉलिन्स, २ जून

प्रिय ट्रेंट,

कुलूप माझ्या मुठीएवढं आहे. काल घोड्यावरून उतरून ते हातात धरून पाहिलं. तुझ्या मालकांचा राखणदार फाटकापलीकडून म्हणाला, “बाई, माझ्यावर ओरडून काय होणार? मला किल्ली सांभाळायचा पगार मिळतो, उघडायचा नाही.” मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखीच संतापले.

हा मुलूख तुला समजावून सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण तू परका असल्यासारखा वागतो आहेस. रेल्वे आली तेव्हा सरकारने रुळांच्या दोन्ही अंगांना जमिनीचा बुद्धिबळाचा पट आखला. एक घर रेल्वे कंपनीला, एक स्वतःला. कंपनीची काही घरं पणजोबांनी विकत घेतली. वरचं डोंगरातलं कुरण सरकारचं, आपल्याकडे भाड्याने. आणि तिथे जायची एकच वाट, तुझ्या वाट्याच्या जमिनीतून. ती तू तुझ्या आताच्या मालकांना विकलीस, आणि त्यांनी फाटकाला कुलूप घातलं. उन्हाळ्यात गाई वर गेल्या नाहीत तर खालचं गवत खातील. मग हिवाळ्यासाठी कापायला काही उरणार नाही, आणि बर्फ पडायच्या आत सगळा कळप विकावा लागेल. वायोमिंगमध्ये माणसांपेक्षा गाई जास्त, असं आपण ऐटीत सांगतो. माझ्या दारात एकही उरणार नाही.

हॉटेलात कॉफी पिताना म्हातारा एचेव्हरी सगळ्यांसमोर म्हणाला, “नोरीन, गाईंना पंख लाव, नाहीतर पटाच्या कोपऱ्यावरून एका सरकारी घरातून दुसऱ्यात उड्या मारायला शिकव.” सगळे खिदळले. मग बाहेर माझ्या गाडीपाशी येऊन, टोपी काढून, हळूच म्हणाला, “पोरी, तुझा भाऊ त्याच वाटेवर कळपामागची धूळ खात वाढला. मी कोर्टातही येऊन सांगेन.” तो येईलही. पण विक्रीच्या वेळी तुमच्यात काय ठरलं, ते त्याने कुठे ऐकलंय?

ते ऐकलंस तू. त्याच संध्याकाळी मला फोन करून म्हणालास, “अगं, विचारलं मी. म्हणाले, गाई बिनघोर नेत जा, आपण शेजारीच. लिहून कशाला घ्यायचं? माणूस भला आहे.” आणि मागच्या आठवड्यात तोच तू म्हणतोस, “नक्की असं काही आठवत नाही गं.” आठवत नाही? ट्रेंट, लहानपणी हरवलेल्या तांबड्या कालवडीचा कुठला कान फाटका होता ते तू मागच्याच नाताळात मुलांना सांगत होतास!

दोन दिवस डायरीत लिहिते आहे आणि खोडते आहे. मला राग विकल्याचा आहे का? प्रामाणिकपणे, नाही. कोळशाची खाण बंद झाली, तुझं काम गेलं, घराचे हप्ते थांबले नाहीत. तुझ्या जागी मीही विकली असती कदाचित. तू त्या माणसाच्या पाहुण्यांना शिकारीला नेतोस, त्याचाही राग नाही. काम ते काम. हे वाक्य मी दोनदा खोडलं, म्हणजे थोडा आहे. पण त्याच्या पगारासाठी तू बाबांच्या मागे त्या वाटेवर घोड्यावर काढलेले सगळे जून महिने पुसून टाकतोस, हे मला गिळता येत नाही. तू “नाही” म्हणाला असतास तर मी भांडले असते. “आठवत नाही” याच्याशी कसं भांडायचं?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. वाटेच्या हक्कासाठी मी तुझ्या मालकांवर दावा लावलाय. शुक्रवारी शेरीफचा माणूस तुझ्या दारात येईल. त्याच्या हातात साक्षीचं समन्स असेल, आणि ते मी काढायला लावलंय. माझी वकील म्हणाली, आधी सांगू नका, तयारीला वेळ मिळेल त्यांना. मिळू दे. लिंडी आणि मुलांसमोर तू दार उघडावंस आणि गणवेशातल्या माणसाकडून तुला कळावं की बहिणीने तुला कोर्टात खेचलंय, हे मला करता येईना. शपथ घेऊन तू खरं सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल, मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही बोलावते आहे. मी पहिल्याच बाकावर बसेन. उत्तर देताना मालकांच्या वकिलाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. आणि मग म्हण, आठवत नाही म्हणून.

रागावलेली, तरी तुझीच,
नोरीन