दहावं नाव

सोनगीर,
सोमवार, ४ जुलै १९९४

प्रिय प्रमिला,

तुझं पत्र शनिवारी आलं. पहिल्या पानापर्यंत मी खूश होते, दुसऱ्या पानावर तू यावलला अकरावीला गृहशास्त्र घेतल्याचं वाचलं आणि कपाळाला हात लावला. तू आणि गृहशास्त्र? गणिताचा तास बुडाला की जिचं तोंड संध्याकाळपर्यंत उतरलेलं असायचं, ती आता दोन वर्षं शिवणाचे टाके मोजणार? वर मलाच समजावतेस की वकिलीला कोणतेही विषय चालतात, बारावी पास असलं की झालं. मग कुठेही शिकलं तरी काय बिघडलं, असंही लिहिलंयस. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे, की रविवारी पाहुणे येऊन गेले. त्या ओळीबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही. आधी माझी बातमी ऐक, मला ती पोटात ठेवणं अशक्य झालं आहे.

मी गणित घेतलं. हो, मीच. दीडशेपैकी त्रेपन्न मिळवणारी यशोदा. तेही तू परीक्षेआधी महिनाभर तुझ्या झुलालमामांच्या ओट्यावर बसवून माझं डोकं खाल्लंस म्हणून. तुला खोटं कशाला सांगू, मला वकील व्हायचं होतं त्याचं निम्मं कारण हेच होतं की त्यात गणित नसतं. तोंड चालवायला मिळेल, काळा कोट मिळेल आणि बीजगणिताशी जन्माची फारकत. आपल्या गावात सगळ्यांनाच असं वाटतं. गणितात जो आपटतो त्याला लोक म्हणतातच की वकील हो.

पण झालं काय, गेल्या मंगळवारी आमच्या वडिलांना, भाऊंना, कुणाच्या तरी बांधाच्या खटल्यात साक्षीला धुळ्याला जायचं होतं. मी हट्टानं सोबत गेले. भाऊ आत साक्ष देत होते आणि मी बाहेर बाकावर. शेजारी एक वकीलबाई डबा खात बसल्या होत्या. मला गप्प बसवत नाही हे तुला ठाऊक आहे. मी सांगून टाकलं की मलाही वकील व्हायचंय, म्हणून राज्यशास्त्र, इतिहास आणि भूगोल घेणार आहे. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि मला एक गणित घातलं. वडिलोपार्जित शेत आहे. घरात आई, बाप, दोन भाऊ आणि एक बिनलग्नाची बहीण. बाप वारला. बहिणीला किती?

मी म्हटलं, यात काय अवघड? चौघं उरली, चौथा हिस्सा.

त्या हसल्या. म्हणाल्या, आतापर्यंतच्या कायद्यानं साफ चूक. आधी बाप जिवंत असताना वाटणी झाली असं धरायचं. त्यात आई, बाप आणि दोन मुलगे, असे चार वाटे. मुलगी मोजायचीच नाही. मग बापाच्या एका वाट्याचे पुन्हा चार तुकडे, त्यातला एक मुलीचा. म्हणजे तिला सोळावा हिस्सा. प्रमिला, मला पहिल्यांदा कळलं की एखादी मुलगी हिशेबात धरली नाही तर चौथ्याचा सोळावा होतो. पुढे त्या म्हणाल्या की आता आपल्या राज्यात नवा कायदा लागू झालाय, बिनलग्नाची मुलगीही पहिल्या वाटणीत मोजायची. म्हणजे पाच वाटे. एक तिचा स्वतःचा आणि बापाच्या पाचव्या वाट्याचा चौथा तुकडा. कर बेरीज.

मला जमेना. एक पंचमांश अधिक एक विसांश, एवढंसं तर होतं. तू असतीस तर तोंडात घास असताना सांगितलं असतंस. मी बोटं मोजत बसले. शेवटी त्यांनीच हातावर लिहून दाखवलं. उत्तर चौथा हिस्साच येतो. मला इतका आनंद झाला, म्हटलं, म्हणजे माझं बरोबरच होतं की. तेव्हा त्या जे बोलल्या ते मी तुला जसंच्या तसं सांगते.

"तुझं उत्तर बरोबर आलं, पण ते कुठून आलं हे तुला सांगता येत नाही. कोर्टात तेच विचारतात."

माझा चेहरा पडला. तुझं आणि माझं भांडण आठवलं मला. मी नुसतं उत्तर लिहून मोकळी व्हायची आणि तू ओरडायचीस, पायऱ्या लिही, पायऱ्यांना मार्क असतात. तीन वर्षं तू मला वकिलीच शिकवत होतीस आणि आपल्या दोघींनाही पत्ता नव्हता. त्या बाईंनीही तेच सांगितलं. प्रवेशाला कुठलाही विषय चालतो, पण वाटणी, मोजणी, नुकसानभरपाई, अपघाताचे दावे, सगळीकडे आकडेमोड आहे आणि गणित सोडून आलेले वकील तिथे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात.

येताना बसमध्ये मी भाऊंना सांगितलं की भूगोल काढून गणित घालते. भाऊंनी माझे मार्क पाहिलेले आहेत. सोनगीरला उतरल्यावर ते म्हणाले, "तुले जे लेनं शे ते ले. मातर मंग अर्धामा सोडानं नही." घेतलेलं अर्ध्यात सोडणार नाही, असं मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याच्या कॉलेजात गेले, तर तिथे नवीनच घोळ. कला शाखेत गणित कागदावर आहे, पण कुणी घेतच नाही म्हणून कित्येक वर्षं तो वर्गच भरलेला नाही. उपप्राचार्य सर म्हणाले, दहा जणं आण, वर्ग सुरू करतो. त्यांना वाटलं असेल पोरगी घरी जाईल. मी प्रवेशाच्या रांगेत उभी राहिले आणि एकेकाला धरलं. वकील व्हायचंय? गणित घे. बँकेची परीक्षा द्यायचीय? गणित घे. लीलाधर नावाचा एक मुलगा तर मी बोलायची थांबावी म्हणूनच हो म्हणाला. चार दिवसांत आम्ही नऊ झालो. नऊ, प्रमिला! सायन्सला जायचं नाही हे तर आपलं आधीच ठरलंय, बेडूक पाहून तू बाक सोडून पळतेस. यावलला कला शाखेत गणित नाही हे तूच लिहिलंयस. इथे ते आहे, फक्त एक नाव कमी आहे.

बाकीची चौकशीही मी करून ठेवली आहे. झुलालमामांकडे जाऊन आले. मामी म्हणाल्या, प्रमिलाची खोली तशीच आहे, तिच्याशिवाय घर खायला उठतं. सकाळच्या बसला सोनगीरहून आम्ही सहा मुली असतो, सगळ्या एकत्र बसतो आणि तिन्हीसांजेच्या आत घरी येतो. कंडक्टर मामांच्या ओळखीचे आहेत. कॉलेजात मुलींची बसायची खोली वेगळी आहे. हे सगळं तुला कशाला सांगतेय असं तुला वाटेल. तू बसला कधी घाबरली नाहीस आणि मामींच्या घराला तर मुळीच नाही.

तर आता खरं काय ते लिहिते. घरी आलेलं प्रत्येक पत्र तुझे वडील, नाना, ओसरीत बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, हे तूच मला सांगितलं होतंस. म्हणून वरचं बरंचसं मी तुझ्यासाठी लिहिलेलंच नाही. अभिमननाना, माझा नमस्कार. प्रमिला सांगते, सावद्याच्या स्टेशनावर केळीची वॅगन भरायला घड कमी पडले, तर आपला बाग तयार नसतानाही तुम्ही त्यातले घड उतरवून देता, कारण एकामुळे बाकीच्यांचा माल अडकू नये. इथेही तसंच अडलंय, नाना. शनिवारपर्यंत दहावं नाव आलं नाही तर नऊ जणांना भूगोल घ्यावा लागेल. पाहुण्यांचं बोलणं मोठ्यांचं काम आहे, तरी सांगते, अठराच्या आत लग्न कायद्यात बसत नाही. म्हणजे ही दोन वर्षं तिची आहेत, ती गणितात जाऊ द्या. मी आजवर एकटीनं काही केलेलं नाही, तिच्याशिवाय मी पहिल्या चाचणीतच नापास होईन आणि मला तिची फार आठवण येते. तुमच्या शेतात प्रमिलाला हिस्सा द्या असं म्हणायला मी अजून वकील झालेले नाही. तिला तो काढता येऊ द्या, एवढंच माझं मागणं आहे. शनिवारी सकाळी यावलची गाडी येईल तेव्हा मी धुळ्याच्या स्टँडवर उभी असेन.

तुझीच, आणि नाना हो म्हणाले तर तुझ्याच बाकावरची,
यशोदा